अबोला दरवेळी माझ्याच माफीने संपतो. याला बिघडलेलं लग्न म्हणायचं का?

ताळेबंद (मूळ प्रश्न)

नमस्कार. आधी काय नाही ते सांगते, म्हणजे पुढचे गैरसमज टळतील. नवरा दारू पीत नाही. त्याने कधी हात उचललेला नाही. बाहेर कुणी आहे असंही नाही. कामात हुशार, मुलाचा अभ्यास घेतो, माझी आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी रात्री जागलाय. त्यामुळे कुणापाशी तोंड उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अगं, मग अडचण काय आहे?"

अडचण ही की तो बोलायचा थांबतो. भांडत नाही, आवाज चढवत नाही. "ठीक आहे" म्हणतो आणि तिथून पुढे कधी चार दिवस, कधी पंधरवडा, माझ्याशी एक शब्द नाही. मी कपाट असल्यासारखा माझ्या बाजूने जातो. त्याच वेळी मित्राचा फोन आला तर खो खो हसतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर विनोद टाकतो. घरात पाहुणे आले तर त्यांच्यादेखत माझ्याशीही अगदी गोड बोलतो आणि दार लागलं की पुन्हा बंद.

कारणं सांगायला लाज वाटते इतकी लहान असतात. सोफ्याचा त्याने निवडलेला रंग मला नको होता. त्याच्या मित्रमंडळींच्या सहलीला मी येत नाही म्हणाले. आणि परवाचं ताजं म्हणजे, ऑफिसने बाहेरगावच्या प्रशिक्षणासाठी माझं नाव विचारलं आणि मी घरी विचारायच्या आधी साहेबांना हो म्हणाले.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. या काळात तो आमच्यातला निरोप्या असतो. "बाबांना विचार, उद्या गाडी लागणार आहे का." "आईला सांग, लागणार आहे." शाळेच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात, तोही तोच दोन खोल्यांतून फिरवून आणतो. मागे एकदा मी चिडून म्हणाले, "बाबांना सांग, हा पोरकटपणा आता पुरे." तो आत गेला आणि म्हणाला, "बाबा, आई म्हणतेय जेवायला चला." मी दारातच उभी होते. पोरगं निरोप गाळायला शिकलंय.

मी अंतर्गत लेखापरीक्षण करते, हिशोब जुळवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. म्हणून ऑफिसच्या डायरीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. अबोला कधी सुरू झाला, कशावरून, कसा संपला. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नोंद आहे, मी सॉरी म्हणाले. काही ओळींत कशाबद्दल सॉरी, ते मलाच सांगता येत नाही. सॉरी म्हटलं की तो त्याच संध्याकाळी पूर्ववत होतो, अगदी प्रेमाने वागतो. मूळ विषय पुन्हा निघत नाही, कारण तोवर तो त्याच्या मनासारखा निकाली निघालेला असतो. सोफा त्याच्याच रंगाचा आला.

हा स्वभावदोष समजून सोडून द्यायचा, की हे लग्न बिघडलेलं आहे? आणि राहायचं की निघायचं हे माणसं ठरवतात तरी कशाच्या आधारावर? प्रशिक्षणाला जायचं अजून रद्द केलेलं नाही आणि या खेपेला सॉरीही म्हटलेलं नाही. घरात शांतता आहे.


सडेतोड

निघा. कमावत्या आहात, कुणाची वाट बघताय? माणूस बदलत नसतो.


मधली_खुर्ची

सडेतोड, एवढं सोपं असतं तर माझं काम बंद पडलं असतं. मी जोडप्यांचं समुपदेशन करते.

ताळेबंद, तुमच्या रकान्यांना अजून दोन-तीन प्रश्न जोडते. त्याआधी थोडं सांगावं लागेल, कारण बाहेरून दोन्ही अबोले सारखेच दिसतात.

जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी नवरा-बायकोंना एखाद्या वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि त्या वेळी त्यांच्या छातीचे ठोके, घाम, रक्तप्रवाह हे सगळं मोजलं. गप्प बसणारा माणूस बाहेरून दगड दिसत असला तरी आतून बऱ्याचदा खवळलेला असतो. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरचं बोलणं डोक्यात शिरेनासं होतं, विनोद सुचत नाही, दुसऱ्याची बाजू दिसत नाही. अशा वेळी माणूस स्वतःला मिटून घेतो. त्यांच्या निरीक्षणात असं मिटून घेणाऱ्यांत सुमारे ८५ टक्के पुरुष होते. याला उतारा म्हणजे निदान वीस मिनिटं वेगळं होणं, तेवढ्यात मनात तीच तक्रार घोळवत न बसणं, आणि मग परत येणं. परत येणं सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरा अबोला शिक्षेचा. त्यात माणूस शांत असतो, कधीकधी मजेतही असतो, आणि तुम्ही नमेपर्यंत दार उघडत नाही. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ वाळीत टाकण्याचा अभ्यास करायचे. त्यांचा एक साधा प्रयोग आहे. संगणकावर तिघं चेंडू टाकतात, थोड्या वेळाने दोघं तिसऱ्याकडे चेंडू टाकायचंच थांबवतात. अनोळखी लोकांबरोबरच्या त्या पोरखेळातही माणसं दुखावतात. २००३ मध्ये त्यांच्यासह तिघा संशोधकांनी हाच खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला एक भाग या वेळीही जागा झालेला दिसला. तेव्हा "नुसतं बोलत नाही, एवढंच ना" असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तुम्हाला होतो तो त्रास खरा आहे.

आता प्रश्न. तो सगळ्यांशीच मिटतो की फक्त तुमच्याशी? (याचं उत्तर तुम्ही बहुतेक दिलेलं आहे.) शांत झाल्यावर तो आपणहून मूळ विषयाकडे येतो का, कधीतरी एकदा तरी? आणि ज्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवंय ते हे, की तुम्ही "नाही" म्हणालात आणि "नाही"वरच राहिलात, तर पुढे काय होतं? वाईटात वाईट काय होईल असं तुम्हाला वाटतं ते नको. काय झालंय तेवढं सांगा.


शंकासुर

मध्ये बोलतो, माफ करा. गॉटमन यांचं नाव निघालं की पाठोपाठ "पाच मिनिटं बघून घटस्फोट होणार की नाही ते ९० टक्के अचूक सांगतात" हे येतंच. इथे अजून कुणी म्हटलेलं नाही, पण म्हणतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. त्या आकड्यात गोम आहे. कोणती लग्नं मोडली हे कळल्यावर त्याच जोडप्यांच्या माहितीवर सूत्र बसवलं, आणि त्याच माहितीवर ते किती बरोबर येतं हे पाहिलं. हेमन आणि स्लेप या दोघांनी २००१ मध्ये दाखवलं की असं सूत्र नव्या जोडप्यांना लावलं की भाकिताची अचूकता धडकन खाली येते. म्हणजे निरीक्षणं टाकाऊ नाहीत, पण त्यांतून कुंडली मांडू नये. ताळेबंदताई, कुठल्याही यादीशी स्वतःचं लग्न ताडून "चारपैकी तीन जुळले, संपलं" असं करू नका.

दुसरं, "अजून राहिलेय म्हणजे कुठेतरी प्रेम असणारच" हेही गृहीत धरू नका. कॅरिल रसबल्ट यांची जुनी मांडणी आहे. माणूस नात्यात टिकतो तो तीन गोष्टींच्या बेरजेवर. तिथे मिळणारं समाधान, बाहेर पर्याय किती कमी दिसतात ते, आणि आजवर ओतलेलं सगळं, म्हणजे वर्षं, मुलं, घर, मित्रपरिवार. समाधान शून्यावर आलं तरी उरलेल्या दोन गोष्टी माणसाला जागेवर धरून ठेवू शकतात. तुम्ही हिशोबातल्या आहात. हे तीन आकडे वेगवेगळे लिहून बघा, एकत्र बेरजेत मारू नका.


उद्या_सातला

माझाही नवरा गप्प होणाऱ्यांतला. आमचं टिकलं, आणि नुसतं रेटलं म्हणून टिकलं असं नाही, म्हणून लिहितेय.

फरक आता मधली_खुर्ची यांचं वाचताना नीट कळला. माझा नवरा गप्प झाला की सगळ्यांशीच गप्प व्हायचा. फोन उचलायचा नाही, जेवायचा नाही, गच्चीत येरझाऱ्या घालायचा. मी त्याच्यामागून गच्चीत. "बोल ना, आत्ताच्या आत्ता बोल, मला असं झोपता येत नाही." मी जितकी मागे जायची तितका तो आत जायचा, आणि तो जितका आत तितकी मी मागे. आमच्या समुपदेशकांनी सांगितलं की या पाठलागावर अँड्र्यू क्रिस्टेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. ज्याला काही बदलून हवं असतं तो मागे लागतो, आणि ज्याला आहे तेच बरं असतं तो टाळतो. विषय नवऱ्याच्या मागणीचा असला की चित्र बरंच बदलतं, असंही त्यांनी सांगितलं. ते ऐकून नवरा हसला होता, कारण गाडी बदलायच्या वेळी तोच माझ्या मागे मागे फिरत होता.

आमच्या घरात एक नियम झाला. गप्प व्हायला परवानगी आहे, पण परत यायची वेळ सांगूनच. "मला आत्ता जमत नाही, उद्या सकाळी सातला बोलू." एवढं वाक्य तो बोलणार, आणि त्यानंतर मी गच्चीत जाणार नाही. सुरुवातीला सातला तो नुसता येऊन बसायचा, शब्द नाही. पण बसायचा. मला तेवढ्याने झोप लागायला लागली. पुढे बोलणंही आलं, वेडंवाकडं, पण आलं.

तुमचं वाचून मात्र एक गोष्ट खटकली. माझ्या नवऱ्याच्या अबोल्याने त्याला काही मिळायचं नाही. गाडीसुद्धा शेवटी मला हवी तीच आली. तुमच्याकडे सोफा त्याच्या रंगाचा आलाय.


दारामागचा

मी तुमच्या मुलाच्या जागेवर होतो. आता चाळिशीत आहे.

आमच्या घरात भांडण हा प्रकारच नव्हता. शेजारी आईला म्हणायचे, तुमच्याकडून कधी आवाज येत नाही हो. खरंच यायचा नाही. मी निरोप न्यायचो. तुमच्या मुलासारखाच गाळून न्यायचो, आणि त्यात मला फार हुशार वाटायचं. कुठला शब्द काढला की बाबांच्या कपाळावरची शीर उडणार नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. बायकोने लग्नानंतर पहिल्यांदा मला विचारलं, "तुला स्वतःला काय हवंय?" तेव्हा मी तिला तिला आवडेल असं उत्तर दिलं. ती सवय जायला किती काळ गेला ते सोडा, अजून पुरती गेलेली नाही.

"मुलांसाठी राहावं का" हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून एक सांगतो. पॉल अमाटो आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांचा मागोवा घेतला आणि १९९५ मध्ये लिहिलं की आईबापांत फार कलह असलेल्या घरातली मुलं, आईबाप वेगळे झाले तर मोठेपणी अधिक बरी असतात. ज्या घरात कलह कमी होता तिथे उलटं, घटस्फोटाने मुलांचं नुकसान झालं, कारण त्यांच्या दृष्टीने चांगलं चाललेलं घर अचानक मोडलं. बायकोने हे मला वाचून दाखवलं तेव्हा मी तिला म्हटलं, आमच्याकडे कुणी प्रश्नावली घेऊन आलं असतं तर आमचं घर "कलह कमी"मध्ये गेलं असतं. भांडणं किती वेळा होतात? कधीच नाही. आवाज चढतो? नाही. वस्तू फेकल्या जातात? छे. म्हणून ते निष्कर्ष तुमच्या घराला लावताना, घर कुठल्या रकान्यात टाकताय ते नीट बघा. आईबाप गप्प आहेत म्हणजे मुलाला काही कळत नाही, असं नसतं.

माझे आईबाबा शेवटपर्यंत एकत्र राहिले. ते योग्य होतं की नाही ते मी ठरवू शकत नाही, आणि तुम्ही काय करावं हेही सांगणार नाही. फक्त त्या पोराकडून टपाल काढून घ्या, आणि आजच घ्या. त्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. "बाबांना जे सांगायचंय ते मी स्वतः सांगेन. त्यांनी काही सांग म्हटलं तर म्हण, तुम्हीच सांगा." त्यांनी उत्तर दिलं नाही तर कागदावर लिहून ठेवा, मेसेज करा, काहीही करा. पोराला मध्ये घेऊ नका.


ताळेबंद

सगळ्यांचे आभार. दारामागचा, तुमचा प्रतिसाद ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचला, पुन्हा वर जायला वेळ लागला. मुलाशी त्याच रात्री बोलले. त्याने विचारलं, "मग बाबांना राग आला तर?" मी म्हटलं, आला तर आला, तो तुझ्यावर नसेल. त्याने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

मधली_खुर्ची, तुमची उत्तरं. फक्त माझ्याशी. विषयाकडे आपणहून परत येणं कधीच झालेलं नाही, डायरी पुन्हा तपासली. तिसरं आत्ता कळतंय, कारण या वेळी पहिल्यांदाच मी "नाही"वर राहिलेय.

झालं असं. अबोला नेहमीपेक्षा लांबला. मग त्यानेच मेसेज केला, बोलला नाही, मेसेज. "परस्पर निर्णय घेणाऱ्यांनी परस्पर खर्चही भागवावा." दुसऱ्या दिवशी आमच्या संयुक्त खात्याचं अॅप उघडेना. पासवर्ड बदललेला. माझा पगार त्याच खात्यात जमा होतो, लग्नानंतर सोय म्हणून तसं केलं होतं. माझ्याकडचं कार्डही बंद. मी विचारलं तर म्हणाला, "रागात केलं, प्रशिक्षणाचं काय ते ठरव, मग बघू." इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आपण दोघं समुपदेशकाकडे जाऊ का, असंही विचारलं. "तुला गरज आहे, तू जा." मग रात्री म्हणाला, येतो मी, पण तिथे डायरी घेऊन यायची, सगळ्यांसमोर वाचायची. डायरीबद्दल मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

रागात माणूस करतो अशा गोष्टी, हे मलाही कळतं. तरी लिहितेय.


सडेतोड

मी आधीच सांगितलं होतं.


शंकासुर

सडेतोड, त्याचा आत्ता त्यांना काय उपयोग? ताई, पगार तेवढा आजच्या आज वेगळ्या खात्यात वळवा. बाकी चर्चा नंतर.


मधली_खुर्ची

शंकासुर बरोबर आहेत, आणि मी माझा सल्ला बदलतेय. आधीचं वाचून मी मनात धरलं होतं की तुम्हाला दोघांना एकत्र समुपदेशनाला पाठवावं. आता ते पहिलं पाऊल नको.

कारण सांगते. एकत्र बसायचं तर दोघांना खरं बोलता आलं पाहिजे. तिथे बोललेल्या वाक्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागणार असेल तर तुम्ही तिथेही निरोप गाळूनच सांगाल. तुमची डायरी शोधून वाचणारा माणूस ती सगळ्यांसमोर वाचायची अट घालतोय. आधी एकट्या जा, आपल्या स्वतंत्र समुपदेशकाकडे.

इव्हान स्टार्क नावाचे समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी २००७ मध्ये मांडलं की मारहाण मोजत बसलं तर मोठा भाग नजरेतून सुटतो. पैसा, फोन, भेटीगाठी, वेळ यांवर थोडा थोडा ताबा घेत दुसऱ्या माणसाची हालचाल आखडत नेणं, याचं एक वेगळं चित्र तयार होतं, आणि त्यात हात उचलायची गरजही पडत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने अशा वागणुकीला स्वतंत्र गुन्हा ठरवलंय. इथे मी थांबते, कारण एका बदललेल्या पासवर्डवरून तुमच्या नवऱ्यावर शिक्का मारायचा अधिकार मला नाही. त्या कायद्यातही वागणूक वारंवार किंवा सतत चाललेली असावी लागते आणि तिचा परिणाम गंभीर असावा लागतो. पण अबोला, मग पैसा, मग डायरी, आणि प्रत्येकाच्या टोकाला "तू ठरव, मग बघू", हा क्रम मला आवडलेला नाही. "रागात केलं" हे मी मानलं असतं, राग ओसरल्यावर पासवर्ड परत मिळाला असता तर.

म्हणून आता राहायचं की निघायचं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याआधी तुमच्या हातात निवड असली पाहिजे. पगार वेगळ्या खात्यात वळवणं, तुमची आणि मुलाची मूळ कागदपत्रं सुरक्षित जागी, खात्याच्या जुन्या उताऱ्यांच्या प्रती, मेसेजचे फोटो घराबाहेरच्या कुणाकडे. एखाद्या माणसाला सगळं खरं सांगून ठेवणं. वकिलाशी एक भेट, कारण मुलाचा ताबा, घर, संयुक्त पैसा यांचे नियम देशागणिक आणि विवाहाच्या कायद्यागणिक बदलतात, इथल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. घरातून रागाने बाहेर पडण्याआधी ही भेट हवी. हे सगळं केलं म्हणजे तुम्ही निघालात असं होत नाही. राहायचं ठरलं तरी यातलं काही वाया जाणार नाही.

अजून एक. नियंत्रण सुटतंय असं दिसल्यावर काही माणसं जास्त आक्रमक होतात, आधी कधी हात न उचललेलीसुद्धा. म्हणून "मी वकिलाकडे गेले होते" हे भांडणाच्या भरात फेकायचं वाक्य नाही. आणि हा धागा घरातल्या सामायिक संगणकावरून वाचत असाल तर आजपासून नको.


उद्या_सातला

थोडं घाबरवणं होत नाही ना हे? आम्ही कुणीच त्या माणसाला पाहिलेलं नाही. बायकोच्या आईच्या उशाशी जागणारा माणूस आहे तो. आमच्याकडेही एका वाईट काळात पैशांवरून टोकाचं झालं होतं.


मधली_खुर्ची

ही शंका हवीच. जागलाही असेल मनापासून. एकच माणूस आजारपणात जीव लावतो आणि "नाही" ऐकल्यावर खातं बंद करतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून माणूस चांगला की वाईट यात मी शिरतच नाही. तुमच्याकडे टोकाचं झालं, मग पुढे काय झालं? कुणी विषय काढला?


उद्या_सातला

त्यानेच काढला. दुसऱ्या आठवड्यात. हं, कळलं.


मधली_खुर्ची

ताळेबंद, पुढेमागे भीती नसेल, पैसा तुमच्या हातात असेल, आणि दोघांपैकी एकाला जायचंय नि एकाला राहायचंय असा पेच उरला, तर त्यासाठी वेगळी पद्धत आहे. मिनेसोटा विद्यापीठातले बिल डोहर्टी यांनी ती बसवली. फार तर पाच बैठका, त्यात बराच वेळ दोघांशी वेगवेगळं बोलायचं, लग्न दुरुस्त करायला घ्यायचंच नाही. तीनपैकी एक वाट निवडायची, आहे तसं चालू ठेवणं, वेगळं होणं, किंवा सहा महिने घटस्फोटाचा विषय बाजूला ठेवून मनापासून उपचार घेणं. तिसऱ्या वाटेला प्रत्येकाने स्वतःत काय बदलायचं ते स्वतः सांगावं लागतं. "तुला गरज आहे, तू जा" म्हणणारा माणूस तिथे काय उत्तर देतो, यावरून बरंच कळतं. पण ते नंतर.


ताळेबंद

पगाराचं काम झालं, ऑफिसच्या लेखा विभागात मैत्रीण आहे, तिने अर्ज लगेच पुढे पाठवला. वकीलबाईंना भेटले. त्यांनी कागदपत्रांची यादी दिली, मी पिशवीतून सगळी क्रमाने काढून ठेवली. त्या म्हणाल्या, असा अशील पहिल्यांदाच बघतेय. बऱ्याच दिवसांनी हसले.

घरी सांगितलं की प्रशिक्षणाला जातेय आणि पगाराचं खातं बदललंय. दोन वाक्यं, बस. वकिलाचं बोलले नाही. तो "ठीक आहे" म्हणाला. पासवर्ड अजून मिळालेला नाही, तो डायरीत नोंदवला आहे. डायरी आता घरी नसते. निघायचं की राहायचं हे ठरवलेलं नाही, आणि ते ठरलेलं नसताना दिवस काढता येतो हेही या आठवड्यात कळलं.

शंकासुर, तुमचे तीन आकडे वेगवेगळे लिहिले. ओतलेल्याचा आकडा इतका मोठा आला की बाकीचे दोन त्याच्याखाली दिसतच नव्हते. पर्यायाच्या रकान्यात आधी काहीच नव्हतं, आता चार ओळी आहेत.

दारामागचा, एक तुम्हालाच विचारायचंय. मी नसताना माझी बहीण येऊन राहणार आहे, मुलगा तिच्याजवळ मोकळा असतो. पण जाताना त्याला काय सांगू? तो आत्ताच बॅग भरताना दारात येऊन उभा राहतो.


दारामागचा

तारखा सांगा. कधी जाणार, कधी येणार, रोज किती वाजता फोन करणार, आणि त्याच वेळेला करा. मावशी कशासाठी येतेय ते खरं सांगा, म्हणजे तो स्वतः कारण जुळवत बसणार नाही. तुम्ही कामासाठी जाताय, त्याच्यामुळे किंवा बाबांमुळे नाही, हे मोठ्याने म्हणा, त्याने विचारलं नाही तरी. फोनवर घरी काय चाललंय ते त्याला विचारू नका, ते मावशीला विचारा. आणि निघताना "बाबांकडे लक्ष ठेव" असं चुकूनही म्हणू नका.